थेट स्टँडअप: तिकीट काढावं की यूट्यूबवर यायची वाट पाहावी?

खुर्ची_एफ१२

पुण्यात येत्या महिन्यातले दोन कार्यक्रम डोळ्यांसमोर आहेत. एक सत्तर-ऐंशी खुर्च्यांच्या जागेत आहे, त्यावर 'ट्रायल शो' असं लिहिलंय आणि तिकीट २९९ रुपये. दुसरा मोठ्या नाट्यगृहात, नावाजलेल्या कलाकाराचा, तिकीट ७९९ पासून १९९९ पर्यंत. जाणारे चौघं: दोघं चाळिशीतले, सतरा वर्षांची मुलगी, आणि सत्तरीच्या सासूबाई, ज्यांना पुलंच्या कॅसेटी तोंडपाठ आहेत.

जाणकारांना प्रश्न असा, की जे सहा-आठ महिन्यांनी यूट्यूबवर फुकटात किंवा ओटीटीच्या भरलेल्या वर्गणीत घरी बघायला मिळणार, त्यासाठी चौघांचे पैसे का मोजायचे? माणूस तोच, विनोद तोच. आणि ट्रायल म्हणजे अर्धवट शिजलेला माल गळ्यात मारणं तर नव्हे? मोठ्या नाट्यगृहात बसायचं कुठे, हेही सांगा. 'छान अनुभव असतो, जाऊन या' छापाचं उत्तर नको.

मागच्या_रांगेतून

'विनोद तोच' इथेच गफलत आहे. एक तासाचा सोलो, म्हणजे एकाच कलाकाराचा पूर्ण कार्यक्रम, कसा तयार होतो ते बघा, म्हणजे २९९ आणि १९९९ मध्ये नेमकं काय विकत घेताय ते कळेल.

सुरुवात ओपन माइकपासून, म्हणजे नवखेही येऊन विनोद करून बघतात त्या कार्यक्रमापासून. तिथे प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात. वेळ संपायला मिनिटभर उरलं की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो, त्याला 'लाइट देणं' म्हणतात. त्या पाच मिनिटांतला एखादा मिनिट टिकतो, बाकीचं फेकायचं. टिकलेले तुकडे जोडून लाइनअप शोचा दहा-पंधरा मिनिटांचा सेट होतो. लाइनअपमध्ये एक सूत्रसंचालक आणि तीन-चार कलाकार. असे सेट साठले की ट्रायल: पाऊण ते एक तास, हातात वही किंवा स्टुलावर चिठ्ठी, आणि पूर्ण कार्यक्रमाचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण. ते प्रेक्षकांसाठी नसतं. घरी जाऊन कुठे हशा आला, किती सेकंद टिकला, कुठे शांतता पसरली हे तपासायला असतं. ट्रायलमधून निघतो तो दौऱ्याचा सत्तर-नव्वद मिनिटांचा कार्यक्रम, आणि दौरा संपत आला की चित्रीकरण. एका तासाच्या पक्क्या ऐवजाला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं.

एकदा तो तास ऑनलाइन आला की तो 'जळला'. पंच, म्हणजे हशा आणणारी कलाटणी, आधीच माहीत असलेल्या प्रेक्षकांसमोर तो करता येत नाही. त्यामुळे तिकिटाच्या पानावर सोलोचं नाव वाचा. तेच नाव ओटीटीवर किंवा यूट्यूबवर सापडलं तर पैसे वाचवा. नाव नवं असेल किंवा ट्रायल लिहिलं असेल तर तो ऐवज सध्या खोलीबाहेर कुठेच उपलब्ध नाही.

ट्रायलमध्ये काय चुकतं तेही सांगतो, म्हणजे अपेक्षा नीट राहील. साठ मिनिटांत दहा-पंधरा मिनिटं पडेल निघणार हे धरून चला. दोन विषयांमधले सांधे नसतात, 'बरं, पुढचं' असं म्हणून सरळ उडी मारली जाते. शेवट बहुतेकदा नसतोच, कारण शेवट सगळ्यात उशिरा सापडतो. पण पंच पडल्यावर कलाकार तिथल्या तिथे जोडून जे दुसरं वाक्य टाकतो, म्हणजे टॅग, तो जन्मताना फक्त ट्रायलमध्ये दिसतो. पक्क्या सोलोत तो आधीपासून होता असाच भास होतो.

पाचशेच्या आतल्या तिकिटाचा अजून एक धागा जीएसटीत आहे. नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमांना माणशी ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त आहे. ४९९ हा आकडा करमणुकीच्या धंद्यात इतका लाडका का, ते त्यावरून कळावं.

फेडर_शून्यावर

वरच्याला +१. मी फक्त आवाजाबद्दल बोलतो, कारण थेट आणि पडद्यावरचं यांतला निम्मा फरक तिथे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

स्पेशल, म्हणजे ऑनलाइन टाकायचा पूर्ण सोलो, चित्रित होतं तेव्हा सहसा एकाच दिवशी, त्याच कपड्यांत, लागोपाठ दोन प्रयोग होतात. चार ते सहा कॅमेरे. नंतर दोन्हींतला बरा भाग उचलून एक तास जोडतात. पुढच्या वेळी स्टुलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे लक्ष ठेवा: पातळी मधेच वर चढली की समजा दुसऱ्या प्रयोगात आलात. प्रेक्षकांतला हसणारा चेहरा अचानक दाखवला की त्याच्या आड बहुधा कात्री चाललेली असते. यात फसवणूक काही नाही, पण 'तो कुठेच अडखळला नाही' हे कौतुक संकलकाला द्या.

आता हशा. कलाकाराच्या हातातला माइक डायनॅमिक असतो. तो तोंडाजवळचंच पकडतो, खोली जवळजवळ पकडत नाही. तेवढंच मुद्रित केलं तर हजार माणसं हसत असूनही घरी ऐकताना वाटतं, बिचारा रिकाम्या खोलीत बोलतोय. म्हणून रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून, खोलीचा आवाज टिपणारे निदान दोन कंडेन्सर माइक लावावे लागतात. हे न केल्यामुळे कितीतरी चांगले सेट यूट्यूबवर मेले आहेत.

माइक लावले तरी पुढची भानगड उरतेच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे तीन मिलिसेकंद. स्पीकरपासून बारा मीटरवरच्या माइकमध्ये कलाकाराचं वाक्य ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतं. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. इलाज सोपा आहे, प्रेक्षकांचा ट्रॅक तेवढाच अलीकडे सरकवायचा, म्हणजे तो लवकर सुरू होतो, आणि बोलणं चालू असताना खाली, हशाला वर घ्यायचा. हे घाईत केलं की प्रत्येक पंचनंतर खोली 'फुगल्यासारखी' ऐकू येते. वाक्य पुरतं संपायच्या आत हशा सुरू झाला, किंवा तोच शिट्टीवाला दर दहा मिनिटांनी ऐकू आला, तर वरून हशा ओतलाय असं खुशाल समजा.

घरी बघणाऱ्यांसाठी तीनच गोष्टी. टीव्हीतला 'क्लिअर व्हॉइस' किंवा रात्रीचा आवाज मोड बंद करा, तो संवाद वर आणतो आणि हशा चेपतो. १.२५ वेगाने बघू नका, पंचच्या आधीचा थांबा हा विनोदाचाच भाग असतो. आणि सबटायटल बंद ठेवा. मराठी-हिंदीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कलाटणी शेवटच्या शब्दापर्यंत लपवता येते. 'सोसायटीत लिफ्ट आहे, जिम आहे, पोहायचा तलाव आहे, आणि हे सगळं वापरायला बंदी आहे.' या वाक्यातला 'बंदी' शब्द कलाकार सहाव्या सेकंदाला उच्चारतो, सबटायटल पहिल्याच सेकंदाला दाखवून मोकळं होतं.

बतावणी

दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण सासूबाई राहिल्याच की!

कॅसेटी तोंडपाठ असलेल्या प्रेक्षकाला स्टँडअप का रुचत नाही, याचं कारण शिव्या किंवा विषय एवढंच नसतं. आपल्याकडची सवय एकपात्रीची. पुलंची चाळ असो की लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड', संहिता पक्की, माणसं पक्की. 'वऱ्हाड'मध्ये एकट्या माणसाने बावन्न पात्रं उभी केली. लोक ती पात्रं पुन्हा भेटायला जात. पुढचं वाक्य माहीत असण्यातच मजा, माहीत असलेल्या जागी हशा अर्धा सेकंद आधीच फुटतो. म्हणून त्या प्रकाराचं ध्वनिमुद्रण टिकलं, पिढ्यान्‌पिढ्या वाजलं. स्टँडअपवाला मात्र 'मी' म्हणून उभा असतो, पात्राच्या आड नाही, आणि त्याचं सगळं भांडवल पुढचं वाक्य माहीत नसण्यात. त्यामुळे मराठी प्रेक्षक थेट कार्यक्रमात दोन्हीकडून चुकतो. जुनं केलं तर 'हे ऐकलंय' आणि नवं केलं तर 'तो अमुकवाला करा ना' अशी फर्माईश! गाण्याच्या मैफलीत फर्माईश चालते. इथे त्याने कार्यक्रमाची लय तुटते, कारण सोलोत विसाव्या मिनिटाला पेरलेली गोष्ट साठाव्या मिनिटाला कॉलबॅक म्हणून उगवायची असते. मधे कुणी बोललं की पेरणीच विसरली जाते.

क्राउडवर्कचा, म्हणजे प्रेक्षकांशी आयत्या वेळच्या गप्पांतून विनोद करण्याचा, गैरसमजही याच पोटातला. इन्स्टावर जे मिनिट-दीड मिनिटाचे तुकडे येतात, 'काय करता तुम्ही? अच्छा, बँकेत!' वाले, ते मुद्दाम टाकलेले असतात. पुन्हा वापरता न येणारा भाग असल्यामुळे तो ऑनलाइन दिला तरी मुख्य ऐवज जळत नाही. लोक मात्र समजतात की सगळा कार्यक्रम असाच असतो आणि आपणही मधे बोलायचं असतं. सोलोत क्राउडवर्क सुरुवातीची पाच-दहा मिनिटं, खोली तापवायला. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या हेच करायचा, फक्त त्याला हे नाव नव्हतं.

सासूबाईंसाठी: तिकिटाच्या पानावर भाषा आणि वय दोन्ही लिहिलेलं असतं, ते वाचा. १८+ लिहिलं असेल तर सतरा वर्षांच्या मुलीला काही ठिकाणी दारातच अडवतील, ओळखपत्र मागतात. १६+ असेल तर दोघींचंही जमेल. आणि सासूबाईंना ट्रायलला नेऊ नका. अर्धवट संहिता हा त्यांच्या लेखी अपमान असू शकतो, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नाही.

फेडर_शून्यावर

@बतावणी, सहमत, एक पुरवणी. टीव्हीमुळे तिसरी सवय लागली. २००५ मध्ये 'ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' आलं, पहिल्याच पर्वात वर्ध्याकडचे सुनील पाल जिंकले, आणि घराघरांत स्टँडअप म्हणजे चार मिनिटांची नक्कल आणि परीक्षकांचा गडगडाट असं समीकरण बसलं. चार मिनिटांत दर दहा-बारा सेकंदाला हशा लागतो. त्या मापाने तासाचा सोलो मोजला की 'मधे ढेपाळला' असं वाटणारच. ढेपाळत नसतो, विषय बांधत असतो. (कधीकधी खरंच ढेपाळतो, ते वेगळं.)

चौथी_रांग

बसायचं कुठे याचं सरळ उत्तर अजून कुणी दिलं नाही.

छोट्या जागेत खुर्च्या क्रमांकाच्या नसतात, जो आधी आला तो बसला. अर्धा तास आधी पोचा. पहिली रांग म्हणजे तुमचा व्यवसाय, नातं आणि शर्ट यांवर चर्चा होणार हे मान्य असेल तरच. तिसरी-चौथी रांग सर्वांत चांगली: चेहऱ्यावरच्या रेषा दिसतात, मागून येणारा हशा अंगावर येतो आणि तुमच्यावर कुणी बोलत नाही. उशिरा शिरलात तर मात्र कुठेही बसा, बोलणारच.

मोठ्या नाट्यगृहात हिशेब उलटा होतो. ती बांधलीयत नाटकासाठी. रंगमंच उंच, त्याच्या आणि पहिल्या रांगेच्या मधे मोकळी जागा, छत उंच, वर बाल्कनी. बालगंधर्वला हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत. अशा सभागृहात मागची भिंत पंचवीस मीटरवर धरली तर कलाकाराचा स्वतःचा आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो, हशा पुढून मागे लाटेसारखा जातो आणि त्याला प्रत्येक पंचनंतर जास्त थांबावं लागतं. छोट्या खोलीत पन्नास मिनिटांत होणारा ऐवज इथे साठवर जातो, तो याच थांबण्यामुळे. जो हे न शिकता नाट्यगृहात उतरतो त्याचे पुढचे शब्द आधीच्या हशाखाली गाडले जातात.

तर तिथे मधल्या पट्ट्यातली पाचवी ते दहावी रांग घ्या. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि स्पीकर डोक्यावरून जातात. बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या रांगांत आवाज घुसमटतो, वरच्या छतामुळे वरचे स्वर पोचत नाहीत आणि व्यंजनं पुसट होतात. 'काय म्हणाला?' असं शेजाऱ्याला विचारेपर्यंत पुढचा पंच गेलेला असतो. १९९९ ची तिकिटं बहुतेक पुढच्या तीन रांगांची असणार. ती घेऊ नका, त्यांच्या मागचा टप्पा घ्या.

मैदानी किंवा स्टेडियममधल्या कार्यक्रमांबद्दल माझं मत कडक आहे. झाकिर खानने ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला, ती घटना मोठीच, अभिमान वाटावा अशी. पण एवढ्या मोठ्या जागेत मागे बसलेला माणूस चेहरा पडद्यावरच बघतो. पडदाच बघायचा तर घरचा काय वाईट?

मागच्या_रांगेतून

@चौथी_रांग, रांगांबद्दल मान्य, शेवटाबद्दल नाही. पडदा घरचा असला तरी बाजूची माणसं घरची नसतात, आणि तोच मुद्दा आहे. हास्यावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी नोंदवलंय की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट माणसांत हसतो. हेडफोन लावून एकट्याने बघितलेल्या स्पेशलला 'ठीक होतं' म्हणणारे निम्मे लोक त्याच कलाकाराला भरल्या खोलीत बघून लोळले असते. घरी बघायचंच तर चारजण जमवा, दिवे मंद करा, फोन दुसऱ्या खोलीत.

यामुळेच अर्धी रिकामी खोली घातक. ऐंशी खुर्च्यांत साठ माणसं असतील तर उत्तम, नऊशे खुर्च्यांत दोनशे विखुरलेली असतील तर कोणीही पडेल. जाणता आयोजक बाल्कनी बंद करतो आणि सगळ्यांना पुढच्या रांगांत सरकवतो. तशी विनंती झाली तर 'माझा नंबर हा आहे' म्हणून मागे अडून बसू नका.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. ऑनलाइन थेट कार्यक्रमांचा इकडे जास्त उपयोग, म्हणून त्यावर. पुण्यातला रात्री साडेनऊचा प्रयोग इथे उन्हाळ्यात दुपारी १२ ला आणि हिवाळ्यात ११ ला पडतो. शनिवार-रविवारी वेळ सोयीची आहे, अडचण दुसरीकडे आहे.

यूट्यूबवरच्या साध्या थेट प्रक्षेपणाला पंधरा-वीस सेकंद उशीर सहज होतो. तुमचं 'हाहाहा' कलाकाराला दिसतं तेव्हा तो दोन विनोद पुढे गेलेला असतो. म्हणजे तुम्ही प्रेक्षक नसून साक्षीदार. मग मुद्रित झालेलं बघितलेलं बरं, निदान आवाज तरी नीट असेल. झूमवर उशीर सेकंदाच्या आत असतो, म्हणून लॉकडाउनमध्ये सगळे तिकडे वळले. पण झूमचं गोंगाट गाळणारं यंत्र हशालाच गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. उपाय दोन: सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करणं, आणि दहा-बारा हसऱ्या लोकांना 'पहिली रांग' म्हणून अनम्यूट ठेवणं. त्यांच्या घरात कुकर नको. ज्या आयोजकाने जाहिरातीतच अशी पुढची रांग वेगळी विकली आहे त्याला हे काम कळतं असं समजायला हरकत नाही.

इथे थेट बघायचं तर महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम आणि दर दोन वर्षांनी होणारं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन. कलाकार चांगले येतात, बरेचदा खोली घात करते. शाळेचं सभागृह, दिवे पूर्ण मालवलेले नाहीत, मागे मुलं पळताहेत, आणि सव्वाआठला जेवण उघडतं. शेवटची पंधरा मिनिटं, म्हणजे जिथे सगळे कॉलबॅक असतात, ती पनीरच्या वासात जातात. मंडळींनो, जेवण आधी ठेवा. आणि येणाऱ्या कलाकाराला श्रोत्यांची वयं आधी कळवा. इथे दुसऱ्या पिढीला मराठी समजतं, पण पेठेतला पत्ता सांगितला की चेहरा कोरा होतो. ते माहीत असलं की कलाकार दोन बिट्स, म्हणजे विनोदाचे तुकडे, बदलून येतो.

मराठीत तयार ऐवज बघायचा असेल तर भाडिपाचा (भारतीय डिजिटल पार्टी) यूट्यूब चॅनल २०१६ पासून आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. ओटीटीवर मराठीतला पूर्ण तास अजून दुर्मीळ आहे. हिंदी-इंग्रजीत वीर दासला २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, इतपत मजल गेली. आपल्याकडे बहुतेक माल आठ-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत येतो, त्यामुळे मराठीतला पूर्ण सोलो बघायचा तर सध्या थेट प्रयोगच.

खुर्ची_एफ१२

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: ट्रायलला आम्ही दोघंच, तिसरी रांग. नाट्यगृहातल्या कार्यक्रमावर १६+ आहे, तिथे चौघं, ९९९ वाली सातवी रांग. सोलोचं नाव शोधलं, ऑनलाइन कुठे नाही.

एकच उरलं. सासूबाई विचारताहेत, मध्यंतर किती वाजता? त्यांना बटाटेवडा लागतो.

बतावणी

स्टँडअपला मध्यंतर नसतं हो. सत्तर-पंचाहत्तर मिनिटं सलग. वडा आधी खायला घाला, आणि कडेच्या खुर्च्या घ्या, मधेच उठावं लागलं तर अख्खी रांग उठायला नको.

चौथी_रांग

कडेच्या म्हणजे मधल्या पट्ट्याच्या कडेच्या. भिंतीकडच्या नव्हेत.